तापाची केस परीक्षेला का ठेवत नाहीत?

वैद्यकीय शिक्षणाचा विषय निघाला की हल्ली दोन सूर ठरलेले. एक म्हणतो, खाटेभोवती तासभर उभं राहून एका रुग्णावर काथ्याकूट करायचे दिवस गेले. उपचारांच्या गाइडलाइन्स मोबाइलवर आहेत, तपासण्या तालुक्याला होतात, आणि आता तर लक्षणं टाइप केली की संगणक निदानांची यादी हातात देतो. दुसरा सूर जुन्याजाणत्यांचा: आमचे सर रुग्ण दारातून आत येतानाच निदान सांगायचे, तुम्ही पोरं नुसते रिपोर्ट वाचता. संसर्गजन्य आजारांपुरतं बोलायचं तर हे दोन्ही सूर मला सारखेच बेसूर वाटतात. पहिल्याच्या लेखी केस डिस्कशन म्हणजे माहिती पोचवायची एक संथ, जुनाट पद्धत. दुसऱ्याच्या लेखी ती गुरूची करामत. माझं म्हणणं असं, की तापाचं वैद्यक केसवर वाद घातल्याशिवाय शिकता येत नाही. पण आपल्या महाविद्यालयांत त्या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंचसं उद्या बंद पडलं तरी कुणाचं काही अडणार नाही.

जुलैचा दुसरा आठवडा, कोकणातलं एखादं ग्रामीण रुग्णालय धरा. पस्तिशीचा माणूस, पाच दिवस ताप. ‘थंडी वाजून येतो, अंग मोडून निघतंय, तोंडाला चव नाही,’ इतकंच तो सांगतो. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळा पूर्वेतिहास: एका डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, दुसऱ्यानं सलाईन लावलं, मेडिकलवाल्यानं पट्टी कापून चार गोळ्या दिल्या, त्या पट्टीवर नाव उरलेलं नाही. रिपोर्टमध्ये मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यूची एनएसवन निगेटिव्ह, प्लेटलेट सत्तर हजार, टायफॉइडसाठीची विडाल ही रक्तचाचणी एकास एकशेसाठ, म्हणजे वाढलेली. इंटर्न टायफॉइड लिहितो आणि सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक सुरू करतो. इंटर्न आळशी नाही, मूर्खही नाही. विडालचं एकदाच काढलेलं टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) फारसं भरवशाचं नसतं, आपल्याकडे जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही ते वाढलेलं सापडतं, हे त्याला पाठ आहे. त्यावर प्रश्न आला तर तो बरोबर पर्यायावर खूण करील. पण रात्री दोन वाजता समोर छापील आकडा असतो, नातेवाईक ‘काय निघालं?’ म्हणून विचारत असतात आणि दुसरं काही सुचत नसतं. फ्रान्समध्ये १८९६ साली आलेली ही चाचणी आपल्याकडे अजून इतकी जोरात आहे ती अज्ञानामुळे नाही. काहीतरी ‘निघणं’ ही रुग्णाइतकीच डॉक्टरचीही गरज असते.

आता याच रुग्णावर चर्चा होऊ द्या. पोटऱ्या दाबून पाहिल्यास का? डोळे लाल दिसतायत, पण चिकटा आहे का? कालपासून लघवी किती झाली? काम काय करतो? ‘शेती’ हे उत्तर इथे पुरत नाही, पुढचा प्रश्न लागतो: आत्ता शेतात काय चाललंय? लावणी. म्हणजे दिवसभर अनवाणी चिखलात. टाचांना भेगा आहेत का, बघितल्यास? मग मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृतासाठी बिलिरुबिन तपासायला पाठवलं जातं, दोन्ही वाढलेले येतात, आणि उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, हा शब्द पहिल्यांदा कागदावर उतरतो. गंमत पुढेच आहे. सेफ्ट्रियाक्सोन लेप्टोवरही चालतं. म्हणजे चर्चा झाली नसती तरी हा माणूस बहुधा बरा होऊन घरी गेला असता, आणि इंटर्नच्या डोक्यात ‘विडाल बघून उपचार केले, रुग्ण बरा झाला’ हे कायमचं पक्कं झालं असतं. मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला हवं होतं, खोकल्यातून रक्त येतंय का ते विचारत राहायला हवं होतं, त्याच्याबरोबर लावणी करणाऱ्यांपर्यंत आरोग्यसेवकाला पाठवायला हवं होतं, यातलं काहीच त्याला कळलं नसतं. चुकीच्या निदानावर बरा झालेला रुग्ण तरुण डॉक्टरला जेवढं बिघडवतो तेवढं मेलेला रुग्णही बिघडवत नाही. ‘अनुभवातून शिकाल’ असं म्हणणाऱ्यांना माझं विचारणं आहे, या अनुभवातून तो नेमकं काय शिकला असता?

हाच इंटर्न पुढे विदर्भात जातो. पावसाळ्याच्या शेवटी तसाच ताप, तशीच प्लेटलेट उतरलेली, आणि पक्क्या झालेल्या सवयीनं तेच सेफ्ट्रियाक्सोन. पण रुग्णाला स्क्रब टायफस असतो, झाडाझुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. त्यावर सेफ्ट्रियाक्सोन चालत नाही, डॉक्सिसायक्लिन लागतं. निदानाचा धागा असतो एक खपली, सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी. ती काखेत असते, जांघेत असते, स्तनाखाली असते, परकराच्या नाडीखाली असते. रुग्णाला ती असल्याचं ठाऊकही नसतं. कपडे बाजूला करून, उजेडात, परवानगी घेऊन शोधली तरच सापडते. आणि कोकणातला तो शेतकरी जुलैऐवजी फेब्रुवारीत तापानं आला असता तर? दोडामार्गकडचा असता तर ‘काजूच्या बागेत जातोस का, आसपास माकडं मेलेली दिसली का’ हे विचारावं लागलं असतं. शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये प्रथम ओळखलेला, गोचिडीतून येणारा माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात येऊन ठेपला. तो विषाणूचा, त्याच्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. गाव तेच, माणूस तोच, पंचांगातला महिना बदलला की निदान बदललं. पाठ्यपुस्तकात लेप्टो एका प्रकरणात, स्क्रब टायफस दुसऱ्या आणि माकडताप तिसऱ्या प्रकरणात असतो. रुग्ण कुठल्या प्रकरणातून आला ते सांगत नाही.

इथे संगणकवाले म्हणतील, मग हे सगळं यंत्राला विचारा की. ‘पस्तीस वर्षांचा भातशेती करणारा पुरुष, पाच दिवस ताप, पोटऱ्यांत दुखरेपणा, डोळे लाल पण स्राव नाही’ असं लिहिलं तर यंत्र क्षणात लेप्टो सांगेल. सांगेल, यात मला शंका नाही, आणि थकलेल्या डॉक्टरला आठवण करून द्यायला असं काही हाताशी असणं चांगलंच. पण ते वाक्य लिहिलं कुणी? पोटऱ्या दाबल्या कुणी? ‘कसकस आहे’ म्हणणाऱ्या माणसाकडून लावणीचा विषय काढला कुणी? यंत्राला दिलेलं ते वाक्य म्हणजे तीन चतुर्थांश सोडवलेलं गणित आहे. पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट पीजीच्या प्रश्नपत्रिकेचंही तसंच: २०० प्रश्न, २१० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभर. त्यात शेतकरी कारणाशिवाय येत नाही, उंदीर कारणाशिवाय येत नाही, निरुपयोगी माहिती जवळजवळ नसते. खऱ्या रुग्णाच्या बोलण्यात नव्वद टक्के पसारा असतो आणि त्यातून काय उचलायचं तेच शिकायचं असतं. इंटर्नशिपचं अख्खं वर्ष आपली मुलं वॉर्डातून निसटून वाचनालयात बसतात, याला त्यांचा आळस कारणीभूत नाही. प्रवेश ज्या दाराने मिळतो त्या दाराशी माणूस रांग लावणारच.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळाच आहे, आणि वादात तो क्वचितच नीट मांडला जातो. केस म्हणजे शेवटी एक गोष्ट, आणि गोष्टी फसव्या असतात. सुटलेली अवघड केस डोक्यात घर करते आणि पुढचे सहा महिने डॉक्टरला तोच आजार सगळीकडे दिसतो. निदान कळल्यावर मागे वळून पाहिलं की प्रत्येक खूण सूचक भासते. २०२० मध्ये कोविडच्या साथीत आपण हे जगलो आहोत. ‘माझ्या रुग्णाला प्लाझ्मा दिला आणि तो वाचला’ हे किती ज्येष्ठ डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं! बरे झालेल्यांच्या रक्तातून काढलेल्या या प्लाझ्मासाठी नातेवाईक रात्ररात्र फोन करत फिरले. मग आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर रीतसर चाचणी केली आणि प्लाझ्मानं आजार बळावणं थांबत नाही, मृत्यूही कमी होत नाहीत, असं निघालं. तरीही तो अधिकृत मार्गदर्शक सूचनांतून वगळला जायला मे २०२१ उजाडला. अनुभव हरला, चाचणी जिंकली. हे मला पूर्ण मान्य आहे. एखादं औषध चालतं की नाही हे केसच्या चर्चेत ठरवायचं नसतं, आणि जो प्राध्यापक ‘माझ्या अनुभवात’ म्हणून ते ठरवतो तो विद्यार्थ्यांचं नुकसान करतो.

पण त्याच वर्षातलं दुसरं उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या उपचार-चाचणीनं डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडनं जीव वाचतात हे दाखवलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठला? आणि २०२१ च्या लाटेत आपण काय केलं? ताप आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ऑक्सिजन शहाण्णव असताना, घरी बसल्या स्टेरॉइड. मधुमेह्यांच्या साखरा चारशेवर गेल्या आणि मग म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं डोळे काढावे लागले, जबडे काढावे लागले. म्युकरला इतरही कारणं होती, पण अवेळी, वारेमाप दिलेलं स्टेरॉइड त्यातलं ठळक. पुरावा सगळ्यांच्या मोबाइलवर होता. नव्हता तो एक प्रश्न विचारायचा सराव: माझ्यासमोरचा हा माणूस त्या चाचणीतल्या कुठल्या गटातला? पुरावा शंभर माणसांबद्दल बोलतो आणि खाटेवर एकच असतो. या दोघांमधलं अंतर रोज, मोठ्यानं बोलत, दुसऱ्याच्या शंका झेलत तोडायचा जो सराव, त्यालाच मी केस डिस्कशन म्हणतो. त्याचं पुराव्याशी वैर असण्याचं कारणच नाही.

शिवाय ज्या आजाराला अजून नावच नाही त्याची चाचणी कोण घेणार? जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या न्यूमोनियाचं छोटंसं टिपण अमेरिकेच्या सरकारी साप्ताहिक अहवालात आलं, तिथून एड्सची कहाणी सुरू होते. आपल्याकडे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. विंचूदंश हा संसर्ग नव्हे हे कबूल, तरी उदाहरण सोडवत नाही. लाल विंचू चावलेल्या पोरांच्या उशाशी बसून त्यांनी घाम, थंड पडलेले हातपाय, हृदयाचे ठोके यांच्या नोंदी केल्या, १९८२ मध्ये त्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या, पुढे प्राझोसिन या औषधाचा वापर आला आणि २०११ मध्ये बीएमजे या दुसऱ्या नियतकालिकात रीतसर यादृच्छिक चाचणीही आली. केसकडून पुराव्याकडे जाणारी वाट कशी असते हे दाखवायला आपल्याला विलायतेला जायची गरज नाही.

मुंबईचा प्लेग या वादात कुणी आणत नाही याचं मला नवल वाटतं. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये १८९४ लाच सापडला होता. म्हणजे माहिती जगात दोन वर्षं हजर होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत लोक तापानं आणि जांघेतल्या गाठीनं मरू लागले तेव्हा ती माहिती आपोआप खाटेपाशी चालत आली नाही. मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असं म्हणायचं धाडस केलं. लगेच शंका घेतल्या गेल्या. व्यापारी शहराला हे नाव परवडणारं नव्हतं. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांच्या तपासणीनं दुजोरा मिळाल्यावर वाद मिटला. क्रम लक्षात घ्या: आधी खाटेपाशी संशय, मग प्रयोगशाळेत शहानिशा. संशयच आला नाही तर नमुना पाठवणार कोण, आणि कशासाठी? आणि नुसत्या संशयाचं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात लोकांना गाठी आल्या, पाठोपाठ सुरतेत न्यूमोनिया. नमुने वेळेवर, नीट घेतले गेले नाहीत, निदानाची घोषणा पुढे गेली आणि पुरावा लंगडत मागून आला. सुरतेतून लाखो लोक पळाले, आणि तो नक्की प्लेगच होता का यावर पुढे कितीतरी वर्षं तज्ज्ञ भांडत राहिले. जुन्या सरांच्या ‘बघताक्षणी निदान’वाल्या भक्तांनी १९९४ आठवावं, आणि यंत्रवाल्यांनी १८९६.

आता या भक्तांकडे. केसवरून शिकवण्याची पद्धत अमेरिकेत रुजली त्यात बॉस्टनच्या रिचर्ड कॅबट यांचा वाटा मोठा. १९१२ मध्ये त्यांनी तीन हजार शवविच्छेदनांवरून डॉक्टरांची निदानं किती वेळा चुकली ते जाहीर मांडलं, सहकारी खवळले. त्यांच्या रुग्णालयातल्या परिषदांचा गाभा हाच होता की निष्णात डॉक्टर सगळ्यांसमोर आपला तर्क मांडतो आणि शेवटी शवविच्छेदन करणारा उठून खरं काय ते सांगतो. निष्णात चुकू शकतो, आणि चुकला तर सगळ्यांना दिसतं. आपल्या राउंडवर हे घडतं का? आपल्याकडे निदान सरांना आधीच ठाऊक असतं, प्रश्न खाली विचारले जातात आणि उत्तरं वर पोचवायची असतात. चुकणारा नेहमी तिसऱ्या वर्षाचा पोरगा. तो शिकतो काय, तर ज्येष्ठांच्या मनातलं ओळखायला. त्यात भर म्हणजे हॉलमधल्या परिषदांना दुर्मिळाचा सोस. वर्षातून एकदा दिसणाऱ्या बुरशीवर साठ स्लाइड्स, आणि रोज पन्नास येणाऱ्या तापांवर ‘व्हायरल असेल, पॅरासिटामॉल द्या’.

दुर्मिळ केस वाईट असते असं नाही. पण तापाच्या खोलीतले खरे पेच फार साधे आणि फार छळणारे असतात. कल्चर (नमुन्यातला जंतू वाढवून पाहायची तपासणी) निगेटिव्ह आलं, ते आजार नाही म्हणून की आधीच अर्धवट अँटिबायोटिक पोटात गेलं म्हणून? टायफॉइडमध्ये एरवीही रक्ताचं कल्चर चाळीसेक टक्के रुग्णांना चुकवतं. मग थांबायचं का सुरू करायचं? ताप चौथ्या दिवशीही उतरला नाही, तर औषध बदलायचं की धीर धरायचा? टायफॉइडचा ताप योग्य औषधावरही उतरायला चारपाच दिवस घेतो, हे ठाऊक नसलेला डॉक्टर तिसऱ्या दिवशी मेरोपेनेमसारख्या जहाल अँटिबायोटिकवर उडी मारतो. चालू केलेलं अँटिबायोटिक बंद कधी करायचं, यावर मी ऐकलेल्या चर्चा बोटांवर मोजण्याइतक्या. सुरू करण्यावर मात्र रोज. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंवर परिसंवाद भरवणाऱ्या देशात हे बसतं का?

एक आक्षेप मात्र मी मुकाट्यानं मान्य करतो. दोनशे-अडीचशेच्या बॅचमधली पंचवीस-तीस मुलं एका तापलेल्या माणसाभोवती उभी करून त्याचं पोट पंचवीस वेळा दाबायचं, हे क्रौर्य आहे आणि तापाच्या वॉर्डात धोक्याचंही. तेव्हा एकदोघांनी परवानगी घेऊन रुग्ण नीट तपासावा आणि चर्चा बाजूच्या खोलीत व्हावी. त्या खोलीत मायक्रोबायॉलॉजीचे लोक असावेत, वॉर्डातली सिस्टर असावी, जमलं तर त्या भागातली आशाताई असावी. गावात आणखी कुणाला ताप आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिया बारे या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा एकेकाच्या नसांइतकाच त्यांचा पत्ता आणि घरचं पाणी महत्त्वाचं ठरलं.

हे व्हायचं तर सुरुवात परीक्षेपासून करावी लागेल, कारण परीक्षेत नसलेलं आपल्याकडे कुणी शिकत नाही. एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेला लाँग केस, म्हणजे सविस्तर तपासायचा रुग्ण, म्हणून काय ठेवतात? अर्धांगवायू, यकृताचा सिरॉसिस, हृदयाची अरुंद झालेली झडप, छातीत साठलेलं पाणी. ठाण मांडून बसलेले, ठळक खुणांचे आजार. काही रुग्ण तर इतक्या परीक्षांना बसलेले असतात की विद्यार्थ्याचं काय राहिलं ते तेच हळूच सांगतात. गावात दवाखाना टाकल्यावर रोज ज्याची गाठ पडणार तो पाच दिवसांचा ताप मात्र टेबलावर येत नाही. परीक्षक म्हणतात, तापाच्या रुग्णात चिन्हं नसतात, निदान ठरलेलं नसतं, मार्क कसे द्यायचे? तर त्याने काय विचारलं याला द्या, अंगावर कुठे कुठे पाहिलं याला द्या, आज रात्री कुठलं औषध सुरू करणार आणि का, यालाच सर्वाधिक द्या. आणि परीक्षेच्या दिवसापर्यंत तो रुग्ण बरा होऊन घरी गेला असेल, हा पुढचा आक्षेपही खराच आहे. मग नावगाव झाकून त्याचे पहिल्या दिवसाचे कागद विद्यार्थ्यासमोर ठेवा आणि परीक्षकाने रुग्ण होऊन बसावं, विचारेल तेवढंच सांगावं. शेवटची पाच मिनिटं उरली की तिसऱ्या दिवशीचा कल्चर रिपोर्ट त्याच्या हातात द्या आणि विचारा, आता काय बदलशील?